घड्याळाची जन्मतारीख

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी पुण्याला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाची बशी हाती आली, आणि करंजीचा पहिला तुकडा तोंडात जातो न जातो तोच भाच्याने आपला फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला.

"मामा, हे वाचा बरं."

फोनवर एक छायाचित्र होते. पोलादी झाकणाची आतली बाजू. तिच्यावर कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरे. आणि एका कडेला रोमन लिपीतला एक व त्याच्यापुढे ५८ हा आकडा.

"काय आहे हे?"

"अण्णाआजोबांचं घड्याळ. काल घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घेतलं. हे झाकण अठ्ठावन्न सालच्या पहिल्या तिमाहीत बनलं आहे."

मी करंजी बशीत ठेवली. कारण हे वाक्य खरे असेल, तर आमच्या घरातली सर्वांत लाडकी गोष्ट खोटी ठरत होती.

ती गोष्ट अशी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बोटीवर इंजिनिअर होते. ताईचा जन्म १४ ऑगस्ट १९५७ चा, कोकणात, आमच्या आजोळी. त्या दिवशी अण्णांची बोट एडनच्या बंदरात उभी होती. मुलगी झाल्याची तार एजंटच्या कचेरीत त्यांच्या हाती पडली, तसे ते उठले, बंदरावरच्या एका दुकानात गेले, आणि तिच्या जन्माची खूण म्हणून त्यांनी एक रोलेक्स घड्याळ विकत घेतले. कोकणातल्या आडगावातून सुटलेली तार त्याच दिवशी एडनला कशी पोचली, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आवडत्या गोष्टी ऐकताना असले प्रश्न पडत नसतात. शिवाय पुरावा होता. घड्याळाबरोबर एक हमीपत्र होते. त्यावर घड्याळाचा क्रमांक होता, दुकानाचा शिक्का होता, आणि निळ्या शाईत लिहिलेली तारीख होती : १४ ऑगस्ट १९५७.

अण्णा गेल्यावर आईने ते घड्याळ कागदासकट ताईला दिले. आता ताईने ते विकायचे ठरवले होते. नातीच्या शिक्षणाला हातभार लावायचा होता, आणि कपाटात पडून राहिलेल्या घड्याळापेक्षा शिकलेली नात बरी, हा तिचा सरळ हिशेब होता. मुंबईतला एक जाणता ग्राहक तयार झाला होता. नुसते घड्याळ असेल तर एक किंमत, मूळ कागदासकट असेल तर तिच्या दीडपट, असे त्याने सांगितले होते. आणि झाकणाच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागवले होते. त्या छायाचित्रानेच घोटाळा केला. जे घड्याळ १९५८ च्या जानेवारीपूर्वी अस्तित्वातच नव्हते, ते १९५७ च्या ऑगस्टमध्ये विकले कसे गेले?

त्या दुपारी भाच्याने मला घड्याळांच्या तारखा वाचण्याची विद्या शिकवली. विद्या हा शब्द मी जाणून वापरतो. शिलालेख वाचणाऱ्याला जी चिकाटी लागते, तीच येथेही लागते. फरक इतकाच की हा शिलालेख नखाएवढा असतो.

रोलेक्सच्या घड्याळाला एक क्रमांक असतो. जुन्या घड्याळांत तो पट्टा जेथे डबीला जोडतात त्या खाचेत, सहाच्या आकड्याखाली कोरलेला असतो, म्हणून पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. अलीकडच्या घड्याळांत तो काचेखालच्या आतल्या कडीवर आला आहे. या क्रमांकावरून साल ओळखतात. परंतु मौज अशी की, कुठल्या क्रमांकाचे साल कोणते, याचा तक्ता कारखान्याने लोकांसाठी कधी छापला नाही. हजारो घड्याळे आणि त्यांचे कागद ताडून पाहून संग्राहकांनीच तो तयार केला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर क्रमांक सहा आकड्यांच्या टोकाला भिडले आणि मोजणी पुन्हा खालून सुरू झाली. त्यामुळे त्या काळातल्या नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही. तेथे झाकणाच्या आतला शिक्का मदतीला येतो : रोमन आकडा तिमाहीचा, पुढचे दोन आकडे सालाचे.

१९८७ मध्ये क्रमांकाआधी एक अक्षर घालण्याची पद्धत आली. पहिले अक्षर आर. मग एल, ई आणि एक्स. म्हणजे कारखान्याने आपलेच नाव लिहायला घेतले होते. त्यातला ओ तेवढा गाळला, कारण तो शून्यासारखा दिसतो. पुढे इतर अक्षरे आली. आणि २०१० च्या सुमारास ही पद्धतच बंद करून क्रमांक असे विस्कटून टाकले की त्यांवरून साल ओळखू येऊ नये. धातूच्या पट्ट्यांचीही अशीच वेगळी भाषा होती. १९७६ पासून पट्ट्याच्या कडीवर एक अक्षर आणि एक आकडा येऊ लागला. ए म्हणजे १९७६, आणि आकडा महिन्याचा. ए आणि पाच दिसले, तर ती कडी मे १९७६ ची समजावी.

तबकडीही बोलते. अंधारात काटे दिसावेत म्हणून पूर्वी रेडियमचा लेप देत असत. तो घातक ठरल्यावर १९६० च्या दशकात ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी इंग्रजी टी हे अक्षर दिसू लागले. तेव्हा १९५५ चे म्हणून कोणी घड्याळ पुढे केले आणि त्याच्या तबकडीवर टी असला, तर ती तबकडी मागाहून बदललेली आहे, हे दुर्बिणीशिवायही कळते.

राहता राहिला कागद. रोलेक्सच्या हमीपत्रावर पूर्वी क्रमांक हाताने किंवा टंकयंत्राने घालीत. पुढे बराच काळ तो बारीक भोकांनी टोचलेला असे, म्हणजे खोडून दुसरा घालता येऊ नये. आता कागद जाऊन प्लास्टिकचे कार्ड आले आहे. पण या सर्वांवरची तारीख ही विक्रीची तारीख. घड्याळ कारखान्यात पुरे झाल्यावर दुकानाच्या काचेआड वर्ष-दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहू शकते. म्हणून कागदावरचे साल झाकणावरच्या सालाच्या पुढे असावे, यात नवल नाही. नवल आहे ते मागे असण्यात.

हे सारे ऐकून मी ताईकडे पाहिले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला. "मग घड्याळाची खरी जन्मतारीख कोणती म्हणायची?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा नाही. घड्याळाचे आतले यंत्र एका दिवशी बनते, डबी दुसऱ्या दिवशी, तबकडी तिसऱ्या. मग कोणीतरी ते सारे एकत्र बसवतो. काही घड्याळांच्या यंत्रांची परीक्षाही होते. १९७३ मध्ये स्थापन झालेली स्वित्झर्लंडची एक अधिकृत संस्था पंधरा दिवस हे यंत्र पाच स्थितींत व तीन तपमानांत ठेवून पाहते, आणि दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्याच चुकीला क्षमा करते. उत्तीर्ण झालेल्या यंत्राला प्रमाणपत्र मिळते. पण तेही यंत्राला. अंगावर डबी चढण्यापूर्वीच्या यंत्राला. मग घड्याळ कारखान्याबाहेर पडते, दुकानात जाते, मनगटावर येते. यांतला जन्म कोणता? आणि तीस वर्षांनी तबकडी बदलली, पट्टा बदलला, झाकण बदलले, तर त्याचे वय तेच राहते काय?

पाली वाङ्मयातला नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला असाच प्रश्न विचारतो. तू रथात बसून आलास. मग रथ म्हणजे काय? चाक, की आस, की जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या जुळणीला आपण रथ हे नाव दिले आहे. तेथील चर्चा आत्म्यासंबंधी आहे आणि फार खोल आहे. मला तिच्यातले एवढेच घ्यायचे आहे : जुळणीने बनलेल्या वस्तूला एकच जन्मतारीख मागणे हा आपला हट्ट आहे, वस्तूचा धर्म नव्हे.

जिनिव्हाची पाटेक फिलिप ही १८३९ पासूनची पेढी या बाबतीत मला फार शहाणी वाटते. तिच्या जुन्या घड्याळासंबंधी कोणी विचारणा केली, तर ती आपल्या दप्तरातून एक उतारा काढून देते. त्यात निर्मितीची तारीख वेगळी असते आणि विक्रीची वेगळी. आणि दोहोंत कधीकधी वर्षांचे अंतर असते. एका तारखेला दुसरीचे काम ती सांगत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. वहीला मान मिळतो तो याचसाठी, की तिच्यात माल आल्याची तारीख वेगळी आणि गेल्याची वेगळी लिहिलेली असते. या दोन तारखा ज्याने एक केल्या, त्याची वही कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली असली, तरी तिच्यावर हळदकुंकू वाहण्यात अर्थ नाही.

आणि आपली माणसांची तरी तऱ्हा काय वेगळी आहे? महाराष्ट्रातल्या आमच्या पिढीत ज्यांचा जन्म १ जूनला झाला अशी माणसे इतकी आहेत की, त्या दिवशी आकाशात काही विलक्षण योग होता असे एखाद्या परक्याला वाटावे. खरे कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये उघडत. मुलाला हाताला धरून आणणाऱ्या बापाला जन्माची तारीख ठाऊक नसे. ठाऊक असली तरी वयात बसत नसे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे दाखल्यावर गेली, नोकरीत गेली, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी तिच्याच आधाराने ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून एकाच दिवशी निवृत्तीच्या हारांचे ढीग लागू लागले. त्या गुरुजींना कोणी खोटारडा म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

पण येथे थांबून चालणार नाही. तारखा नुसत्या गमतीच्या राहिल्या असत्या, तर हा लेखही गमतीचाच झाला असता. अडचण अशी आहे की, कागदाला किंमत आली.

वस्तू खरी आहे हे सांगायला कागद जन्मला. आणि कागद असलेल्या वस्तूला जास्त मोल मिळू लागताच कागद स्वतःच वस्तू बनला. आज बाजारात घड्याळांवाचून नुसते जुने कागदही विकले जातात, रिकाम्या डब्याही विकल्या जातात. एखाद्या पोरक्या घड्याळाला शोभेल असा कागद पाहायचा आणि दोघांचे लग्न लावून द्यायचे, हा एक धंदाच झाला आहे. म्हणजे साक्षीदारच आता बाजारात उभा आहे, आणि कुणाच्या बाजूने बोलायचे ते किमतीवर ठरते आहे.

याचे टोक नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात दिसले. तेथील एका लिलावात ओमेगा कंपनीचे १९५७ सालचे म्हणून एक स्पीडमास्टर घड्याळ तीस लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. अंदाज त्या मानाने फारच थोडा होता. पुढे २०२३ मध्ये बाहेर आले की, ते घड्याळ निरनिराळ्या ठिकाणचे भाग जमवून उभे केलेले होते. आणि ते विकत घेणारी होती स्वतः ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी! आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा यात हात होता, असे कंपनीने जाहीर केले. ज्या घराकडे जगाने खरेपणाची चौकशी करायला यावे, तेच घर फसले. कारण फसवणूक परक्याच्या अज्ञानावर उभी राहत नाही. ती आपल्या माणसाच्या ज्ञानावर उभी राहते. कोणता भाग कोठे शोभेल आणि कोणत्या आकड्याने शंका येणार नाही, हे ज्याला पक्के ठाऊक, त्यालाच असे घड्याळ जुळवता येते. तारखा वाचण्याची विद्या आणि तारखा रचण्याची विद्या या दोन वेगळ्या विद्या नाहीत. विद्या एकच, हात वेगळे.

आणि आता माझ्यापुढे माझ्या वडिलांचा हात होता.

अण्णा कसे होते हे सांगितल्याशिवाय माझी अवस्था वाचकांच्या ध्यानात यायची नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वाण्याने हिशेबात चुकून चार आणे जास्त परत दिले होते. मी ते अण्णांना मोठ्या फुशारकीने दाखवले. वैशाखातली दुपार होती. पायांत वहाणा घालायलाही उसंत न देता त्यांनी मला ते चार आणे परत द्यायला पिटाळले. तळपाय भाजत होते ते मला अजून आठवते. त्या माणसाने एडनच्या दुकानदाराकडून कागदावर खोटी तारीख घालून घेतली?

मी वकिली सुरू केली. झाकण बदलले असेल, मी म्हटले. दुरुस्तीला दिले असताना कोणीतरी दुसरेच बसवले असेल. असे होते, हे भाच्यानेच सांगितले होते. झाकणावरची तारीख ही झाकणाची तारीख. तिने साऱ्या घड्याळाच्या वतीने बोलू नये. भाचा हसला. "मामा, मी तेही पाहिलं. घड्याळाचा क्रमांकही अठ्ठावन्नच्याच सुमाराचा आहे. दोन साक्षीदार एकीकडे आणि कागद एकटा दुसरीकडे."

"अरे, उगाच भांडता कशाला," ताई म्हणाली. "मला ठाऊक आहे ते."

ती येऊन बसली. मग तिने जे सांगितले, ते तिला आईने घड्याळ देताना सांगितले होते. तार आली ती दोन दिवसांनी. अण्णा त्या दुकानापर्यंत गेले हे खरे, पण खिशात पैसे नव्हते. पगाराचा मोठा भाग मनिऑर्डरीने घरी जात असे. त्यांनी काचेतून घड्याळ पाहिले आणि परत फिरले. पुढल्या वर्षी बोट पुन्हा एडनला लागली तेव्हा ते पैसे साठवून गेले. पहिल्या वेळी काचेत होते ते घड्याळ तोवर विकले गेले होते. तसलेच दुसरे घेतले. आणि कागद भरताना दुकानदाराला म्हणाले, तारीख मी सांगतो ती घाला.

"आईनं विचारलं होतं त्यांना," ताई म्हणाली, "की असं का केलंत? तर म्हणाले, घड्याळ कधी घेतलं हे लक्षात ठेवून काय करायचंय? लक्षात ठेवायची तारीख तीच आहे."

मी बराच वेळ काही बोललो नाही. अण्णा सुटले असे मला वाटले नाही, आणि अडकले असेही वाटले नाही. चार आणे परत द्यायला लावणारा माणूस आणि ही तारीख घालून घेणारा माणूस एकच कसा, हे मी जुळवून पाहत होतो.

कोणी म्हणेल, प्रेमाने सांगितलेले खोटे हे खोटे नव्हे. मला हे पटत नाही. अशा सवलती एकदा द्यायला लागले, की प्रेम या नावाखाली काय काय खपेल याला सुमार नाही. लिलावातले ते घड्याळ रचणाऱ्यांचेही आपल्या कौशल्यावर प्रेम असेलच. दुसरा कोणी म्हणेल, खोटे ते खोटे. एडनमधले काय आणि जिनिव्हामधले काय. हेही मला पुरते पटत नाही, कारण त्यात ऐकणाऱ्याचा विचारच नाही. बोलणे नेहमी कोणाशी तरी असते. त्या माणसाने मला काय विचारले आहे, आणि माझ्या उत्तरावर विसंबून तो काय करणार आहे, यावर माझी जबाबदारी ठरते. वाण्याच्या चार आण्यांचा हिशेब वाण्याशी होता. त्यात तसूभर फरक करायला अण्णांना अधिकार नव्हता, आणि त्यांनी केला नाही. एडनच्या कागदाचा हिशेब मात्र बाजाराशी नव्हताच. त्या तारखेवर विसंबून कोणी एक पैही देणार नव्हते. ती तारीख एका लहान मुलीसाठी होती.

पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पाने असतात. एकावर प्रकाशकाचे नाव, आवृत्ती आणि तारीख, दुसऱ्यावर अर्पणपत्रिका. पहिल्या पानावर खोटे साल छापणे हा गुन्हा आहे. दुसऱ्या पानावर काय लिहावे हे विचारायचा कोणाला हक्क नाही. अण्णांनी अर्पणपत्रिका लिहिली. त्यांची चूक एवढीच की ती त्यांनी पहिल्या पानावर लिहिली. त्यांच्या हयातीत ते पुस्तक घराबाहेर जायचे नव्हते, म्हणून चूक दिसली नाही. आता ते बाहेर चालले होते. आणि उंबरठा ओलांडताच त्याच शाईचा, त्याच तारखेचा अर्थ बदलणार होता. मुंबईचा तो ग्राहक कागदाकडे पाहून दीडपट पैसे देणार होता. त्याने विचारलेला प्रश्न हा की, हे घड्याळ कधी विकले गेले? आणि आमच्या कागदाजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

अण्णांच्या तारखेने इतकी वर्षे कोणाला फसवले नव्हते. ती पहिल्यांदा कोणाला फसवणार होती, तर ती आमच्या हातून.

"मग आता?" भाच्याने विचारले. त्याच्या आवाजात दीडपटीचा थोडा खेद होता, आणि तो असणारच. मुलीचे शिक्षण त्याला करायचे होते. "झाकणाचं छायाचित्र पाठवावंच लागेल. तो विचारेल."

"विचारायच्या आधी सांग," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

मी लिहून दिले. घड्याळाचे झाकण व क्रमांक १९५८ चे आहेत. ते एडन येथे त्याच वर्षी विकत घेतले, असे घरातली माणसे सांगत आली. सोबतचे हमीपत्र आमच्यापाशी आहे, परंतु त्यावरील तारीख खरेदीची नव्हे. एवढ्या तीन ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. खाली सही केली आणि म्हटले, आता ही चिठ्ठी आणि कागद, दोन्ही घड्याळाच्या डबीत ठेवू.

"चिठ्ठी ठेव," ताई म्हणाली. "कागद नको. कागद मी देणार नाही."

भाचा चमकला. कागद खोटा ठरला तरी मूळचा होता; दुकानाचा शिक्का खरा होता, क्रमांक खरा होता; सारे सांगून सवरून दिला तरी त्याने किमतीत थोडी भर पडलीच असती. त्याने आईला तसे समजावून पाहिले. "अगं, घड्याळ जायचं तिथे घड्याळाचा कागद जायला नको का?"

"तो घड्याळाचा कागद कुठे आहे?" ताई म्हणाली.

ती उठून आत गेली आणि कपाटातून एक जुनी फाईल घेऊन आली. त्या फाईलमध्ये तिच्या शाळेचा दाखला होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. पिवळा पडलेला, घडीवर फाटू लागलेला. त्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : जन्मतारीख १ जून १९५७. नोकरीत तीच तारीख, पेन्शनच्या कागदांवर तीच, आधार कार्डावरही तीच. आजोळच्या गावी जन्माची नोंद कोणी केली नव्हती. पत्रिका केली होती, ती वाळवीने खाल्ली.

तिने एडनचा कागद उलगडून त्या दाखल्याशेजारी ठेवला. १४ ऑगस्ट १९५७. निळी शाई थोडी फिकी झाली होती, पण आकडे स्पष्ट होते.

घड्याळ डिसेंबरात मुंबईला गेले. कागद पुण्यालाच आहे.